काचेवरचे कागद

आचऱ्याच्या तिठ्यावर माझं झेरॉक्सचं दुकान.
काचेवर कागद:
फोटोची पाठ पांढरी हवी, निळी चालणार नाही.
चष्मा काढा, कान दिसू देत.
पॉवर बँक हातातल्या पिशवीत, खालच्या बॅगेत नको.
नियम बदलला की जुन्यावर नवा डकवतो,
खरवडत बसत नाही.
आता एवढा थर झालाय
की दुपारचं ऊन आत येतं ते खळीच्या रंगाचं.

मी स्वतः विमानात बसलेलो नाही.
एकदा मोप्याला गेलो होतो, कुणाला तरी सोडायला.
दारावरचा जवान म्हणाला, तिकीट?
म्हटलं, माझं नाही, पण मला सगळं माहीत आहे.
तो हसला नाही.

द्वारका पराडकर कालवं फोडता फोडता उठून आली,
लुगड्याला खाडीचा वास.
लेक मस्कतला, तिसरा महिना.
मशीनवर तिने बोट ठेवलं. लाल.
पदराला पुसून ठेवलं. लाल.
दुसरं बोट. लाल.
चाळीस वर्षं शिंपांच्या धारेवर घासलेला अंगठा,
टाकी लावायला झालेल्या पाट्यासारखा गुळगुळीत.
म्हटलं, खोबरेल लाव, सात दिवस कालवांना हात लावू नको, मग ये.
'सात दिवस? अवस इली हा.
मोठी सुकती हीच. मगे काय दगड फोडू?'

अवस गेल्यावर आली. अकराव्या खेपेला
डाव्या हाताची करंगळी हिरवी झाली.
करंगळीनेच कधी काम केलं नव्हतं.

मग नावाचं लफडं.
शाळेच्या दाखल्यावर सुमती बाबल खवणेकर,
आधारवर द्वारका, रेशनकार्डावर द्वारकाबाई.
जन्मतारीख गुरुजींनी सगळ्यांना दिली तीच, एक जून.
या तिघी एकच, याला पुरावा लागतो.
'पुरावो खंयचो?
ताटात तांदूळ पसरल्यानी, आंगठीन नाव लिवल्यानी,
आणि रातीक तेच तांदूळ शिजवन
माणसां जेवली.'

शंभराचा स्टँपपेपर चालेना, पाचशेचा आणला.
प्रतिज्ञापूर्वक लिहून देते की
सुमती म्हणजेच मी, द्वारका.
वाचून दाखवलं. ती बराच वेळ
समोरच्या वडाकडे बघत राहिली.
'खरा सांगू? माकापण नक्की म्हायत नाय.'

मी पेनाचं टोपण लावलं.
मग काढलं.
इथे सही कर, म्हटलं, दोन्ही नावांनी.
सुमती लिहायला तिला वेळ लागला.
म वळणदार आला, चौथीतल्या मुलीचा.

बॅग तपासायला मीच गेलो.
सुकं खोबरं काढलं, त्यात तेल, ते पेटतं.
आगळाची बाटली पिशवीतून खाली घातली,
फणसपोळी राहू दिली, कुळथाची पिठी राहू दिली.
कालवांची कोयती काढली.
'ती कित्या? थंय दर्या नाय?'
आहे.
जुन्या बनियनमध्ये गुंडाळून खालच्या बॅगेत ठेवली.
तिथे चालते. आज तरी चालते.
खोबरं मात्र तिने माझ्या हातावर ठेवलं,
'तू खा. तू जळशील तर जळशील.'

मोप्याला यावेळीही दाराबाहेरच होतो.
काचेतून दिसली: वहाणा काढल्या, पुन्हा घातल्या,
ट्रेमधलं मंगळसूत्र उचलून
उजेडात धरून बघितलं, आपलंच ना.
मग गर्दी.

चार दिवसांनी लेकीचा फोन.
तिकडेही बोट लागेना,
शेवटी डोळ्यांवरून घेतलं.
घरी पोचल्यावर आईने पाणीसुद्धा घेतलं नाही,
आधी विचारलं, हंय सुकती कितीक वाजता?
बिल्डिंगमध्ये कुणालाच सांगता येईना.
दुसऱ्या दिवशी पहाटे
ती जाऊन बघून आली.

इथे तोवर फोटोचा आकार बदलला.
मी खळ शिजवायला ठेवली.